अठरा नखांची परीक्षा

चंद्रपूर शहरात संगणक शिकवणारे बरेच आहेत, पण आपल्याइतकं पक्कं शिकवणारा दुसरा कोणी नाही, याबद्दल संघपाल खोब्रागडेच्या मनात कधीच शंका नव्हती. त्यामुळे गावाकडचे देवाजीकाका फोनवरच्या एका गोड आवाजाला भुलले आणि त्यांची साठवलेली पेन्शन चहा निवायच्या आत उडाली, तेव्हा त्याने लगेच ठरवलं, आपल्या आईला असं तयार करायचं की भामट्यांनीच तिचा नंबर भीतीने पुसून टाकावा!

आई म्हणजे अंजनाबाई. मूल शहराच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या गावात त्या एकट्याच राहत. तेहतीस वर्षं अंगणवाडी चालवून निवृत्त झालेल्या. संघपालने सलग चार रविवार मोटारसायकल दामटत जाऊन त्यांची शिकवणी घेतली. ओटीपी कोणाला सांगायचा नाही, लिंक दाबायची नाही. कोणी कितीही मोठ्या साहेबाच्या नावाने धमकावलं तरी घाबरायचं नाही. नंबर लिहून घ्यायचा आणि ताबडतोब तक्रार करायची. ओळखीचा आवाज आला, अगदी व्हिडिओवर ओळखीचा चेहरा दिसला, तरी विश्वास ठेवायचा नाही, कारण आता मशीनवर चेहरेसुद्धा बनतात. अंजनाबाईंनी सगळं अंगणवाडीच्या एका जुन्या रजिस्टरात उतरवून घेतलं. मग चेहरा खरा की बनवलेला हे ओळखायचं कसं, असं त्यांनी विचारलं. घरच्याच माणसाला माहीत असेल असं काहीतरी विचारायचं, असं संघपालने सांगितलं, आणि तेही त्यांनी लिहून घेतलं.

आता शिकवणी झाली म्हणजे परीक्षा आलीच. त्याच्याच क्लासमध्ये टायपिंग शिकवणारा दिनेश लग्नांत निवेदन करायचा. आवाज असा की त्याने "पाणी द्या" म्हटलं तरी समोरचा उठून उभा राही. संघपालने त्याला चार पानी मजकूर लिहून दिला. दिनेशने दिल्लीचा साहेब व्हायचं, अंजनाबाईंच्या नावाचं पार्सल पकडलंय आणि त्यात वाघाची नखं सापडलीत असं सांगायचं, आणि सुटका हवी असेल तर आधारचा नंबर मागायचा. संघपाल कोणतंही काम अर्धवट करत नसे. वाघाला नखं किती असतात हे त्याने शोधून काढलं. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. एकूण अठरा. हा आकडा त्याने लाल पेनाने अधोरेखित केला.

बुधवारी सकाळी अकरा वाजता दिनेशने स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावला. संघपाल शेजारी तोंडावर रुमाल धरून बसला होता.

अंजनाबाई घाबरल्या नाहीत, आणि त्यांनी फोनही कापला नाही. त्यांनी अगदी आदराने विचारपूस सुरू केली. साहेब कुठून बोलून राह्यले, जेवण झालं का, नखं किती आहेत. दिनेश रंगात आला आणि म्हणाला, अठरा. समोर आहेत का? माझ्या टेबलावरच आहेत, बाई. ओली आहेत की वाळलेली? हा प्रश्न चार पानांत नव्हता, तेव्हा दिनेशने आपल्या मनाने सांगितलं की एक-दोन अजून ओली आहेत. अंजनाबाई म्हणाल्या, आधार कार्ड पेटीत आहे, शोधायला वेळ लागेल, तासाभरानं करा. आणि त्यांनी फोन ठेवला.

संघपालला हे फारसं पटलं नाही. भामट्याशी इतका वेळ बोलायचं असतं का? त्याने आईला शंभरपैकी साठ गुण दिले आणि दोघं खाली तर्री-पोहे खायला गेले.

इकडे अंजनाबाईंनी पेटीला हातही लावला नव्हता. ताबडतोब तक्रार, असं रजिस्टरात लिहिलेलं होतं. पोलीस ठाणं अकरा किलोमीटरवर होतं आणि वनखात्याची चौकी दोन मिनिटांवर. त्या चौकीत गेल्या. तिथला वनरक्षक लालसू लहानपणी त्यांच्याच अंगणवाडीतला. फसवणुकीचा फोन म्हटल्यावर तो आधी नुसता हसला. पण नखांचा आकडा ऐकला आणि त्याच्या हातातला चहा तसाच राहिला. गेल्याच आठवड्यात त्यांच्या जंगलात एक वाघ मेलेला सापडला होता आणि त्याची सगळी नखं कोणीतरी काढून नेली होती.

"बाई, वाघाची नखं लोकं वीस म्हनतेत," लालसू म्हणाला. "अठरा म्हनते, म्हनजे यानं मोजले हायेत."

त्याने तो नंबर आपल्या मोबाइलवर टाकून पाहिला. व्हॉट्सॅपवर फोटो आला. दिनेश सर, खाली क्लासचा पूर्ण पत्ता, शर्टाची वरची दोन बटणं उघडी, आणि गळ्यात सोन्यात मढवलेलं वाघनख!

दुपारी दोन वाजता क्लाससमोर वनखात्याची जीप उभी राहिली. वनपरिक्षेत्र अधिकारी मंजुषा मॅडम चार खाकी माणसं घेऊन आत आल्या तेव्हा संघपाल तीस विद्यार्थ्यांना ऑनलाइन सुरक्षितता शिकवत होता. मॅडमनी दारं बंद करायला सांगितली. टेबलावर चार पानं पडलेलीच होती. पहिल्याच पानावर, लाल रेघेवर, संघपालच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: नखं अठरा.

दिनेशचा निवेदनाचा आवाज कुठे गेला कोणास ठाऊक. मांजराच्या पिलासारख्या आवाजात तो सांगू लागला की गळ्यातलं नख नकली आहे, एकदम नकली. खरं तर गेली तीन वर्षं तो सगळ्या शहराला ते अस्सल आहे म्हणून दाखवत फिरत होता, आणि त्याची स्वतःचीही तशीच खात्री होती. मॅडमनी भिंगातून पाहिलं, चाकूने जरा खरवडलं, काडी लावून वास घेतला.

"प्लास्टिक आहे," त्या म्हणाल्या.

दिनेशचा जीव भांड्यात पडला, पण तोंड मात्र वाळलेल्या मोहफुलासारखं झालं. त्या नखासाठी त्याने एका माणसाला स्वतःची जुनी मोटारसायकल दिली होती. आता याची तक्रार कुठे आणि कोणत्या तोंडाने करायची, हे संघपालच्या चार पानांत कुठेच नव्हतं.

पण मोजलेल्या अठरा नखांचा प्रश्न शिल्लकच होता. संघपालने हात जोडून सांगितलं की मॅडम, ती बाई माझी आई आहे, मी तिची परीक्षा घेत होतो. असा मुलगा मॅडमनी नोकरीत अजून पाहिला नव्हता. त्या म्हणाल्या, आईलाच विचारू. त्यांनी आपल्या फोनवरून गावात असलेल्या लालसूला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर अंजनाबाई आल्या, चष्मा लावून, मांडीवर रजिस्टर घेऊन.

"आई, मी संघपाल," संघपाल म्हणाला. "सांग न यायले."

अंजनाबाईंनी बराच वेळ पाहिलं. मग त्या मॅडमना म्हणाल्या, "दिसते तर तसाच. आवाजही तसाच हाये. पन माह्या पोरानंच सांगतलं, का आता मशीनवर चेहरे बनतेत."

संघपालने कपाळावरचा व्रण दाखवला. तोही बनवता येतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांनी रजिस्टराचं पान उलटलं, बोट ठेवलं आणि घरच्याच माणसाला माहीत असलेला प्रश्न विचारला.

"कितवीपर्यंत अंथरून ओलं करत होतास?"

तीसही विद्यार्थ्यांनी माना वर केल्या. संघपालने फोन तोंडाजवळ नेऊन हळूच उत्तर दिलं. गावाकडे नेटवर्क कमी होतं. अंजनाबाईंनी कानाला हात लावला आणि जोरानं बोल म्हणून खूण केली.

"सातवी," संघपाल ओरडला. तीस विद्यार्थ्यांनी ते ऐकलं. बाहेर जीपमधल्या ड्रायव्हरनेही ऐकलं.

"माहाच पोरगा हाये," अंजनाबाई मॅडमना म्हणाल्या. "तिसरी म्हनला असता तर नेऊन टाका म्हटलं असतं. लोकायले आमी तिसरी सांगतो."

मॅडमना हसू आवरायला खिडकीकडे वळावं लागलं. मग त्यांनी दोघांकडून लेखी माफी घेतली आणि असली परीक्षा पुन्हा घेतलीत तर आत टाकीन असं बजावलं. जाता जाता त्यांनी हेही सांगितलं की येत्या रविवारी तुमच्या आईच्या गावच्या बुद्धविहारात म्हाताऱ्या माणसांसाठी फोनवरच्या फसवणुकीबद्दल कार्यक्रम ठेवू, तुम्ही नक्की या.

संघपाल घरी पोचेपर्यंत पुन्हा आपल्या मूळ रुबाबात आला होता. एवढं होऊनही खात्याला आपलाच आधार वाटतो, असं त्याने बायकोला, नूतनला सांगितलं. तिने विचारलं, भाषण करायला बोलावलं का, तसं मॅडम म्हणाल्या का? संघपाल म्हणाला, हे सांगावं लागत नाही. त्याने पाऊण तासाचं भाषण तयार केलं, नवा शर्ट इस्त्री करून घेतला आणि रविवारी वेळेआधी वीस मिनिटं विहारात हजर झाला.

समोर एकच खुर्ची होती. त्या खुर्चीत अंजनाबाई बसल्या होत्या.

त्या तासभर बोलल्या आणि लोकांनी जागचं न हलता ऐकलं. संघपालला दुसऱ्या रांगेत सतरंजीवर जागा मिळाली. शेवटी शंका विचारायला सांगितल्यावर अंजनाबाईंच्या शेजारची नीलाबाई उठली आणि म्हणाली, "बाई, हे सगळं समजलं. पन असा खोटा फोन करनारा मानूस दिसते कसा?"

"संघपाल, उभा राय," अंजनाबाई म्हणाल्या.

तो उभा राहिला.

"असा दिसते," त्या म्हणाल्या. "शिकलेला, चांगल्या घरचा, इस्त्रीचा शर्ट. म्हनून चेहऱ्यावर जाऊ नका."

पुढच्या रांगांनी त्याला नीट पाहून घेतलं. मागे बसलेल्यांना दिसत नव्हतं, म्हणून आईच्या सांगण्यावरून तो एकदा त्यांच्याकडे वळूनही उभा राहिला.