साक्षीदाराचा रकाना

आवक-जावक विभागातल्या बाई एकावन्नाव्या वर्षी, ऐन कार्यालयीन वेळेत, नियमबाह्य तापू लागल्या. पाळी जाण्याचं वय. बसल्या जागी कानशिलं पेटायची, रात्री घामाने उशी भिजायची, डोळ्याला डोळा लागायचा नाही. पेंगत पेंगत दोन पत्रं भलत्याच पत्त्यांवर गेली, तेव्हा साहेबांनी बजावलं, की तिसरं गेलं तर नोकरी गेली समजा.

डॉक्टरीणबाईंनी तपासून हार्मोनची पट्टी लिहून दिली. सर्वांत कमी मात्रा, आठवड्यातून दोनदा पोटावर चिकटवायची. तीन महिन्यांनी मात्रा पुन्हा बघू. गर्भाशय काढलेलं नाही, म्हणून त्याच्या रक्षणासाठी जोडीला दुसऱ्या हार्मोनची गोळी हवीच. बाईंना वाटलं, सुटले एकदाची. कसलं सुटतंय! औषध कार्यालयाच्या आरोग्य योजनेतून मिळणार होतं, आणि योजनेला समिती होती.

समितीत तीन पुरुष. पाळी जाण्याचा तिघांचा मिळून अनुभव शून्य, त्यामुळे निःपक्षपातीपणाबद्दल शंकाच नको. एका तक्रारीवर दोन औषधं म्हणजे चैन, असं ठरवून त्यांनी गोळी कापली. गोळीशिवाय पट्टी धोक्याची, असं डॉक्टरीणबाईंनी कळवताच त्यांनी जबाबदारीच्या भावनेने पट्टीही कापली. धोका मिटला.

बाईंनी पुन्हा अर्ज केला. या वेळी समितीने फॉर्म धाडला: रात्रीच्या घामाला घरातला सज्ञान साक्षीदार हवा, प्रत्यक्ष पाहिलेला.

नवरा पडला सत्यवचनी. सव्वीस वर्षं शेजारी झोपून त्याने काहीच पाहिलं नव्हतं, मग खोटी सही कशी करणार? लेक म्हणाला, मला वाटलं आई हल्ली चिडकीच झाली आहे. शेवटी सासूबाईंनी पेन मागून घेतलं.

"मी बघते ना रोज, उशी उन्हात टाकताना. माझंही असंच झालं होतं. कुणी विचारलं नाही."

बाईंना रडूच आलं. फॉर्म मात्र शेरा मारून परत आला: 'साक्षीदारास सदर त्रासाचा पूर्वानुभव असल्याने साक्ष निःपक्षपाती नाही. सही रद्द. नवीन साक्षीदार द्यावा.'

त्या दुपारी बाईंनी साक्षीदाराचा रकाना पुन्हा रिकामा झालेला तो फॉर्म जावकच्या ढिगाऱ्यात ठेवला आणि जरा डोळे मिटले. उठून पाकिटं भरली. तिसरं पत्र भलत्याच पत्त्यावर गेलं आणि नोकरी गेली.

ते पत्र म्हणजे हाच फॉर्म. तो तुमच्याकडे आला आहे. हसून झालं असेल तर सही करून टाका. अट किरकोळ आहे: तुमच्या घरातली बाई शेवटची शांत कधी झोपली, तेवढं वर लिहायचं.