खंड सातवा आणि चार बोटं

चार बोटं. फक्त चार बोटं कमी पडत होती. तेवढ्यासाठी शेजाऱ्यांकडे शिडी मागायला जायचं, त्यांनी "माळ्यावरून काय काढताय?" म्हणून विचारायचं, मग शिडीबरोबर स्वतःही यायचं आणि खाली उभं राहून सूचना देत बसायचं. त्यापेक्षा स्टुलावर काहीतरी ठेवून उभं राहावं, असा साधा, सुटसुटीत निर्णय मी घेतला. (माझे साधे, सुटसुटीत निर्णय बहुधा हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन संपतात.)

ते 'काहीतरी' म्हणजे ज्ञानकोशाचा सातवा खंड होता. अकराशे पानं, कापडी बांधणी, 'ग' ते 'ज'. तो आमच्या घरात काय करत होता, हे तुम्ही विचारू नये अशी माझी फार इच्छा आहे. पण तुम्ही विचारणारच. मी वाचनालयाचा संदर्भ विभाग सांभाळतो. बावीस वर्षं झाली. विभागाच्या दारावर 'संदर्भ ग्रंथ वाचनालयाबाहेर नेण्यास सक्त मनाई आहे' अशी जी पाटी आहे, ती माझ्या हस्ताक्षरात आहे, आणि 'सक्त'खाली दोन रेघा आहेत त्याही माझ्याच. एका निवृत्त न्यायाधीशांना मी खंड घेऊन व्हरांड्यातल्या उजेडात बसू दिलं नव्हतं. ते म्हणाले, "अहो, दहा पावलं तर आहे." मी म्हणालो, "नियम पावलांत मोजत नाहीत." हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की घरी येऊन मी ते बायकोला दोनदा ऐकवलं.

आणि त्याच मी, एका शनिवारी संध्याकाळी, सातवा खंड पिशवीत घातला, वर छत्री आडवी ठेवली आणि चक्क घरी आणला. कारण जिराफ उभ्याने झोपतो की बसून, यावर माझा मेहुण्याशी वाद झाला होता. (दोन्ही प्रकारे झोपतो. मेहुणा हेच म्हणत होता.) सोमवारी सकाळी कुणी यायच्या आत खंड जागेवर ठेवायचा, असं ठरलं होतं. पण मधे रविवार आला, आणि रविवारी बायकोला माळ्यावरची सुटकेस हवी झाली.

मी पडलो. माझा उजवा घोटा मोडला आणि खंडाची पाठ मोडली. पुस्तकाच्या ज्या अंगावर नाव छापलेलं असतं त्याला आम्ही पाठ म्हणतो. ती सुटून एका बाजूला लोंबत होती. पडलेला माणूस 'आई गं' म्हणतो. मी "खंड लपव!" म्हणून ओरडलो.

"आधी डॉक्टर," बायको म्हणाली.

"आधी पलंगाखाली," मी म्हणालो.

प्लास्टर झाल्यावर मी आमच्या मुख्य ग्रंथपाल मॅडमना फोन केला आणि जिन्यावरून घसरलो असं सांगितलं. फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, "खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

"बावीस वर्षांची अब्रू गेली असती."

"आणि आता?"

"आता नुसता घोटा गेलाय."

ती काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला नेहमीच संशय येतो, पण तेव्हा पाय ठणकत होता म्हणून मी तो संशय पुढे ढकलला.

डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले होते. चौथ्या आठवड्यात मॅडमचा फोन आला की सोमवारपासून वार्षिक पडताळणी आहे. म्हणजे वाचनालयातलं एकूण एक पुस्तक हातात घेऊन नोंदवहीशी ताडून बघायचं. म्हणजे सातव्या खंडाची रिकामी जागा सापडणारच.

"मी येतो," मी म्हणालो.

"अहो, पण पाय..."

"कामापुढे पाय काय घेऊन बसलात, मॅडम!"

पलीकडे बराच वेळ शांतता होती. ती कौतुकाची असावी असं मला वाटलं.

रविवारी दुपारी बायको स्वयंपाकघरात असताना मी कुबड्या बाजूला टाकल्या, जमिनीवर लोळण घेतली आणि पलंगाखालची पिशवी ओढली. पिशवीत छत्री होती. नुसती छत्री!

"अगं, इथलं पुस्तक कुठे गेलं?"

"कुठलं पुस्तक?" ती आतूनच म्हणाली.

"जाड. तपकिरी."

"वाचनालयाचं का?"

"छे! वाचनालयाचं कसं असेल?"

"मग मला नाही बाई माहीत. मागे रद्दी दिली तेव्हा बरंच काय काय गेलं."

मी जमिनीवरच पडून राहिलो. पायाखालची जमीन सरकणं वगैरे माझ्या बाबतीत शक्य नव्हतं, कारण मी अख्खा तिच्यावर आडवा होतो.

सोमवारी कुबड्या टेकत वाचनालयात शिरलो आणि पहिल्याच क्षणी मला जाणवलं की इथे काहीतरी शिजतंय. सगळे फार चांगले वागत होते. आमचे शिपाई, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, ते एरवी पाण्याचा पेला मागितला तर माठाकडे बोट दाखवतात. ते धावत आले. त्यांनी माझ्या खुर्चीवर उशी ठेवली, पुढे स्टूल सरकवलं आणि माझा पाय अलगद उचलून त्यावर ठेवला.

"उंची पुरते ना साहेब?" ते म्हणाले. "का वर काहीतरी ठेवू?"

मी त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मामांचा चेहरा बंद कपाटासारखा असतो. काही कळलं नाही.

मग कार्डवाल्या बाई आल्या. या आमच्या तालिकेची कार्डं लिहितात. पुस्तकाचं नाव, लेखक, आवृत्ती, विषय, सगळं टपोऱ्या अक्षरात. बावीस वर्षांत त्यांनी माझ्या प्रकृतीची कधी चौकशी केली नव्हती. आज खुर्ची ओढून समोर बसल्या.

"जिन्यावरून पडलात म्हणे? पण तुमचं घर तर तळमजल्यावर आहे ना?"

हा प्रश्न चार आठवड्यांत मला सुचला नव्हता. "वरच्या मजल्यावर गेलो होतो," मी म्हणालो. "तिथे एक आजोबा एकटे राहतात. चौकशीला."

"अस्सं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी हातातल्या कार्डावर काहीतरी लिहिलं.

अकरा वाजता मामांनी विचारलं, की नुसत्या चौकशीला जाऊन माणूस एवढा कसा पडतो? तेव्हा मला आजोबांचा गॅस सिलिंडर वर चढवावा लागला. बारा वाजता मॅडमनी विचारलं, "सिलिंडर घेऊन पडलात? मग सिलिंडरला काही झालं नाही?" तेव्हा सिलिंडर सोडून देऊन मला आजोबांनाच सावरावं लागलं, कारण ते पायरी चुकले होते. डबा खाताना तिघंही एकत्र बसली होती. आता सगळ्यांचं समाधान होईल असं काहीतरी सांगणं भाग होतं. मी एका हातात सिलिंडर आणि दुसऱ्या हातात आजोबा घेऊन जिना उतरू लागलो.

"मग कठडा कशाने धरला होता?" कार्डवाल्या बाईंनी विचारलं.

"कठडा नाहीये."

"आणि सिलिंडर तर वर न्यायचा होता. उतरत का होतात?"

"रिकामा होता," मी म्हणालो. (संकटात माझं डोकं असं चालतं.)

बाईंनी पुन्हा लिहिलं. सकाळपासून चौथं कार्ड. या बाई माझी जबानी उतरवून घेताहेत, याबद्दल आता मला शंका उरली नाही. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. आजोबांच्या आठवणीने त्यांना भरून आलं असेल अशी मी स्वतःची समजूत घातली.

खरा घाव दुपारी बसला. मॅडमच्या खोलीचं दार किलकिलं होतं आणि त्या फोनवर बोलत होत्या. मी कुबडी अडकल्याचं सोंग करून तिथेच थांबलो.

"...हो, पाठ पार गेली होती. एवढ्या वजनाखाली काय होणार दुसरं! ...मग, प्रेसमध्ये आहे ना? ...उद्या सकाळी बाहेर येईल? नक्की? ...नाही, नाही, त्यांना अजून काही माहीत नाही. बिचारे."

प्रेसमध्ये! उद्या सकाळी बाहेर येईल! माझ्या डोळ्यांपुढे मथळाच उभा राहिला: 'नियमाचा रखवालदारच खंडचोर'. खाली माझा फोटो. कुठला छापतील? ओळखपत्रावरचा छापला तर संपलंच, त्यात मी मुळातच गुन्हेगार दिसतो.

मंगळवारी सकाळी कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडे कुबड्या टेकत गेलो आणि म्हणालो, "सगळे द्या."

"सगळे म्हणजे?"

"जेवढे निघतात तेवढे. सगळ्या भाषांतले."

नऊ वर्तमानपत्रं निघाली. मी ती जमिनीवर पसरून पहिल्या पानापासून हरवले-सापडलेपर्यंत वाचली. दोन भाषा मला येत नाहीत. त्यांत फक्त फोटो पाहिले. एका पानावर डोक्याला टक्कल असलेला एक माणूस पाहून मी दचकलो, पण ती केसांच्या तेलाची जाहिरात होती.

"दिवसभर वाचनालयात असता," बायको चहा ठेवत म्हणाली, "तरी पुरत नाही का?"

"तुला काही माहीत नाही, काय चाललंय ते."

"खरंच, मला कसं माहीत असणार?" ती म्हणाली आणि कपबशीकडे बघून हसली. या घरातसुद्धा माझ्याविरुद्ध काहीतरी शिजत होतं.

दहा वाजता संदर्भ विभागाची पडताळणी सुरू झाली. मॅडम नोंदवही घेऊन बसल्या, मामा कपाटापाशी उभे राहिले, बाई हातात पेन घेऊन. मी स्टुलावर पाय ठेवून मधोमध, पिंजऱ्यातल्या आरोपीसारखा. मॅडम नाव वाचत, मामा पुस्तक हातात घेऊन "आहे" म्हणत.

"ज्ञानकोश, खंड पहिला."

"आहे."

"दुसरा."

"आहे."

तिसरा होता, चौथा होता. प्रत्येक 'आहे'बरोबर सातवा जवळ येत होता. मला त्या न्यायाधीशांचा चेहरा आठवला. दहा पावलांवर उजेडात बसू द्या म्हणत होते, आणि मी त्यांना वाक्य ऐकवलं होतं. त्या वेळी मला फार मोठं वाटलं होतं. आता लाज वाटली. अगदी खरी लाज, जी प्लास्टरच्या आत खाज सुटावी तशी कुठेही हात पोचू देत नाही.

"सहावा."

"आहे."

"सात..."

"थांबा!" मी ओरडलो. "सातवा मी नेला! जिराफासाठी नेला! जिना नाही, आजोबा नाहीत, सिलिंडर नाही. मी स्टुलावर खंड ठेवून उभा राहिलो, पडलो, त्याची पाठ मोडली आणि आता तो रद्दीत गेलाय. मला काय शिक्षा द्यायची ती द्या."

मॅडमनी नोंदवहीतल्या ओळीवर बोट ठेवलं आणि मामांकडे पाहिलं.

"आहे," मामा म्हणाले.

त्यांच्या हातात सातवा खंड होता. नव्या कापडाची पाठ, त्यावर नवी सोनेरी अक्षरं. माझ्यापेक्षा कितीतरी तब्येतीत.

"सकाळीच आला बाइंडरकडून," मॅडम म्हणाल्या. "दोन दिवस प्रेसमध्ये दाबून ठेवला होता त्याने, डिंक धरायला."

"पण तुमच्याकडे... कसा..."

"तुम्ही पडलात त्याच्या चौथ्या दिवशी तुमच्या मिसेस घेऊन आल्या. सगळं सांगितलं त्यांनी, माफी मागितली. एवढंच म्हणाल्या, की हे स्वतःहून सांगतात का, तेवढं बघू. मी म्हटलं, चालेल. आमची करमणूकही झाली म्हणा." मग त्या जरा थांबल्या. "सांगितलंत, हे बरं केलंत. मला काळजी वाटायला लागली होती, तुम्ही आता त्या आजोबांना मारता की काय."

मला एकदम इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. कार्डवाल्या बाईंनी रुमालाऐवजी कार्डांचा गठ्ठा पुढे केला. पाच कार्डं, रीतसर लिहिलेली. 'ग्रंथपालाचे पतन. आवृत्ती पहिली (फोनवरून)'. दुसरी. तिसरी, सिलिंडरसह. चौथी, सुधारित. पाचवी, सुधारित आणि बरीच वाढवलेली. प्रत्येकावर विषय एकच: कल्पित. बाईंनी सहावं कार्ड काढलं आणि माझ्यासमोर लिहिलं: 'आवृत्ती सहावी, संक्षिप्त. विषय: चरित्र'.

शिक्षा फार नव्हती. पाटीवर एक ओळ वाढवायची, माझ्याच शब्दांत. पण पाटी उंचावर, आणि मी एका पायावर. संध्याकाळी बायको मला न्यायला आली तेव्हा मामांनी शिडी आणली (शिडी! वाचनालयात चांगली शिडी आहे, बावीस वर्षं आहे), ती वर चढली, आणि मी खाली रंगाची बाटली धरून सांगत राहिलो: 'तसेच संदर्भ ग्रंथांवर उभे राहण्यास मनाई आहे.'

"'सक्त' घालू का?" तिने वरून विचारलं.

"घाल," मी म्हणालो. "दोन रेघा दे."

एवढ्यात मागे काठीचा आवाज झाला. ते निवृत्त न्यायाधीश. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी नवी ओळ दोनदा वाचली.

"काय हो," ते म्हणाले, "असा नियम करायची वेळ यावी? पुस्तकावर उभा राहतो असा कोण गाढव निघाला?"

शिडीवरचा ब्रश थांबला. मॅडम दारात आल्या. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला पूर्ण कल्पना होती की आता काय बोलायला हवं.

"असतात हो एकेक वाचक," मी म्हणालो.

मागे ड्रॉवर सरकल्याचा आवाज आला. कार्डवाल्या बाईंनी कोरं कार्ड काढलं, पेनाचं टोपण उघडलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "आवृत्ती सातवी."