परवडणारी महागनी

महाग वस्तूची परीक्षा करावी लागत नाही. ते काम तिची किंमत परस्पर उरकून टाकते. स्वस्त वस्तूला असा वशिला नसतो. तिला उलटीपालटी करून, ठोकून, हुंगून, कानाशी लावून पाहावं लागतं, आणि एवढं करून ती चांगली निघालीच तर तिच्यावर संशय घ्यावा लागतो. हे तत्त्व वजनमापे खात्यातल्या निरीक्षकांच्या अंगात मुरलेलं होतं. दिवसभर ते दुकानादुकानांतले तराजू तपासत हिंडत, आणि एखादा तराजू बिनचूक निघाला की त्यांचा चेहरा पडे.

अशा माणसाकडे त्यांच्या लेकीने गिटार मागितली.

दुसऱ्या कुणाकडे मागितली असती तर ही गोष्ट घडलीच नसती. पण मुलगी नुकतीच कॉलेजात गेलेली, आणि असल्या वस्तू बापाकडे मागतात असा तिचा प्रामाणिक समज.

"बाबा, मला एक गिटार हवीय. इलेक्ट्रिक. फार भारी नको, साधी चालेल."

"चालेल म्हणजे काय?" निरीक्षक म्हणाले. "चालणारी वस्तू वेगळी आणि चांगली वस्तू वेगळी. मी बघतो."

'मी बघतो' हे वाक्य त्या घरात पूर्वी सोफ्याच्या संदर्भात उच्चारलं गेलं होतं. (पाहुणे अजून प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसतात.) लेकीच्या आईने आतूनच कपाळाला हात लावला.

निरीक्षकांनी आधी अभ्यास केला. परवडणाऱ्या इलेक्ट्रिक गिटारींवर जगात इतकं लिहिलेलं आहे की ते सगळं वाचून होईस्तोवर गिटार परवडेनाशी होते. वाचनाअंती असं ठरलं की गिटार महागनीचीच हवी. ज्या लाकडाच्या नावातच 'महाग' आहे ते परवडणाऱ्या किमतीत शोधायचं, ही कामगिरी त्यांच्यातल्या अधिकाऱ्याला भावली. महागनीचा आवाज 'उबदार' असतो, असं सगळेच लिहीत होते. शिवाय तो 'गोल' असतो, 'मधाळ' असतो, आणि एका जाणकाराच्या मते 'तपकिरी' असतो. म्हणजे त्या आवाजाचं तापमान, आकार, चव आणि रंग एवढं निश्चित झालेलं होतं. तो ऐकायला कसा असतो हे तेवढं कुणी लिहिलं नव्हतं. पण इतकी माहिती हाताशी असल्यावर ऐकत बसायची गरजही राहत नाही.

वाद्यांचं दुकान चष्म्याच्या दुकानाच्या वर होतं. अरुंद जिना, भिंतीवर मानेने टांगलेल्या गिटारी, काउंटरच्या काचेखाली तारांची पाकिटं, आणि आलेल्या प्रत्येकाला चहा विचारणारा दुकानदार. तिथे निरीक्षक एका शनिवारी दुपारी गेले आणि मग दर शनिवारी जाऊ लागले.

त्यांची पद्धत शिस्तीची होती. आधी गिटार मांडीवर घेऊन वजनाचा अंदाज. (हलकी असेल तर लाकूड भुसभुशीत, जड असेल तर ओलं.) मग दांडी डोळ्यासमोर धरून बंदुकीसारखा नेम. मग दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांच्या, म्हणजे फ्रेटच्या, टोकांवरून तळवा फिरवायचा. ओरखडा उठला तर काम कच्चं, न उठला तर काहीतरी लपवायला घासलेलं. त्यानंतर पाठीवर बोटाच्या पेराने ठक् ठक्, कान लाकडाला, डोळे मिटलेले. 'दीर्घ श्वास घ्या' एवढंच काय ते म्हणत नसत. शेवटी वायर खोचायच्या भोकाला भिंग लावून रंगाआडचं लाकूड पाहायचं आणि त्याच भोकाचा वास घ्यायचा.

"साहेब, अ‍ॅम्पला लावून देऊ का?" दुकानदाराने पहिल्या शनिवारी विचारलं. "जरा वाजवून बघा की."

"नको. वीज जोडली की बाहेरची मदत मिळते. मग आवाज लाकडाचा की विजेचा, कळणार कसं?"

"पण साहेब, ही विजेवरच वाजते."

"तेच तर," निरीक्षक म्हणाले.

दुकानदार चहा आणायला गेला.

पहिली गिटार नापास झाली, कारण दांडी आणि धड यांच्या सांध्यात व्हिजिटिंग कार्ड शिरत होतं. दुसरीच्या सांध्यात काहीच शिरेना, तेव्हा ती जबरदस्तीने ठोकून बसवल्याच्या कारणावरून नापास. एकीच्या खुंट्या सैल, एकीच्या घट्ट. एका गिटारीत काही केल्या दोष सापडेना. तिच्याबाबतचा निर्णय राखून ठेवण्यात आला.

एवढा कसून तपास चाललेला पाहून माणसं आपोआप जमतात. खाली चष्मा न्यायला आलेले दातांचे डॉक्टर सहज वर डोकावले ते तिथेच रमले. ठोकून पाहायची त्यांना सवय होतीच. एक निवृत्त भूमापक येऊ लागले. दांडी सरळ आहे की वाकडी हे ते दारातूनच सांगत. (वाकडीच असे.) अशी समिती तयार झाली. तिच्यातल्या शंभर टक्के सदस्यांना ठाम मतं होती. गिटार वाजवता येणाऱ्यांची टक्केवारी मात्र काढता आली नाही, कारण टक्केवारी काढायला निदान एक तरी माणूस लागतो. नवखी गिऱ्हाइकं दबकत येऊन समितीचा सल्ला घेत आणि काही न घेता परत जात. दुकानदार सगळ्यांना चहा देत राहिला. माणूस फार भिडस्त.

घरी लेक सुरुवातीला दर शनिवारी दार उघडतानाच विचारायची, "आणली?" पुढे महिन्यातून एकदा विचारू लागली. मग विचारेनाशी झाली. तक्रारींचं प्रमाण शून्यावर आलं म्हणजे कामकाज समाधानकारक चाललं आहे, असा खात्याचा नियम आहे. निरीक्षकांनी तोच लावला.

"अहो, घ्या ना कुठलीतरी," बायको एकदा म्हणाली. "तिला शिकायचंय. गिटारीशी संसार नाही मांडायचा."

"आणि कुठलीतरी घेऊन तिचा कान बिघडला म्हणजे?"

"कान बिघडायलासुद्धा आधी काहीतरी कानावर पडावं लागतं."

या मुद्द्याचीही नोंद घेण्यात आली.

मग एका रात्रीच्या जेवणात लेक म्हणाली, "शुक्रवारी संध्याकाळी कॉलेजच्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम आहे. मी वाजवणार आहे."

"काय वाजवणार?"

"गिटार."

एखाद्या बापाने विचारलं असतं, कधी शिकलीस? कुणाकडे? निरीक्षकांनी विचारलं, "कोणती?"

"मैत्रिणीची. तिच्याकडेच शिकते मी. वर्ष होत आलं."

"लाकूड कुठलं आहे?"

लेकीने विचार केला. "निळी आहे," ती म्हणाली.

शुक्रवारी समिती पूर्ण संख्येने हजर राहिली. डॉक्टरांनी दवाखाना लवकर बंद केला होता. पडदा सरकला, आणि ड्रमवाला मुलगा व गाणारी मुलगी यांच्या मधोमध लेक उभी होती. गळ्यात निळी गिटार. कडांचे पोपडे उडालेले, एका खुंटीला चिकटपट्टी. भूमापकांनी बसल्या जागेवरून मान हलवली. दांडीचा निकाल लागला होता.

लेकीने वाजवायला सुरुवात केली. पहिल्या काही सुरांवर निरीक्षकांनी मनात 'आवाज जरा पातळ' असा शेरा तयार केला. पुढे 'तथापि' असंही मनात आलं होतं. तेवढ्यात ती चुकली. बोट भलत्याच तारेवर पडलं, तिने खालचा ओठ चावला, आणि ओठ तसाच धरून पुढे वाजवत गेली. तो ओठ निरीक्षकांच्या ओळखीचा होता. सायकल शिकताना ती असाच चावायची, आणि मागे सीट धरून धापा टाकत पळणारे ते स्वतः होते. त्यानंतर शेरा काही पुरा झाला नाही. वर्षभर ही मुलगी कुठे जाते, बोटांच्या टोकांना घट्टे कसले पडलेत, हे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. फ्रेटची टोकं मात्र झाडून सगळी पाहिली होती.

"काय वाटतं?" डॉक्टर कानाशी कुजबुजले. "महागनी?"

"ऐकू द्या हो जरा," निरीक्षक म्हणाले.

टाळ्या संपायच्या आत समिती स्टेजवर चढली, आणि निळ्या गिटारीची पाठ ठोकली जाऊ लागली. लेक खाली उतरून बापासमोर येऊन उभी राहिली. घामेजलेली होती.

"कसं झालं, बाबा?"

निरीक्षकांनी तोंड उघडलं. उबदार, गोल, मधाळ, तपकिरी असे सगळे शब्द जिभेवर रांग लावून उभे होते, आणि एकही पुढे यायला तयार नव्हता.

"मधे एकदा चुकलीस," ते म्हणाले.

"हो."

"तिथून पुढे तर फारच छान वाजवलंस. घरी वाजवशील पुन्हा?"

"कशावर?" लेक म्हणाली. "आपल्याकडे गिटार कुठाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं दुकानात गेली. निरीक्षक हात मागे बांधून उभे राहिले. त्यांनी काहीही ठोकलं नाही, काहीही हुंगलं नाही, तेव्हा दुकानदाराने घाबरून विचारलं, "साहेब, बरं वाटतंय ना?" लेकीने भिंतीवरच्या गिटारी एकेक उतरवून अ‍ॅम्पला लावल्या, थोड्या थोड्या वाजवल्या आणि एकीपाशी थांबली. "ही," ती म्हणाली. वर्षभर चाललेला तपास एकाक्षरी शब्दावर आटोपला. आता घरी रोज संध्याकाळी गिटार वाजते. शेजाऱ्यांनी आवाजाबद्दल तक्रार केली आहे, आणि निरीक्षकांनी आयुष्यात पहिल्यांदाच एक तक्रार न तपासता फेटाळली आहे.

त्यांच्या राजीनाम्यामुळे समितीत एक जागा रिकामी झाली आहे. उमेदवाराला गिटार वाजवता येण्याची अट नाही. येत नसेल तर प्राधान्य. अर्ज करायचीही जरुरी नाही. इथवर वाचताना ज्यांच्या मनात 'ते सगळं ठीक आहे, पण शेवटी घेतली ती गिटार नेमकी कोणती?' असा प्रश्न आला, त्यांची एकमताने निवड झालेली आहे. त्यांनी शनिवारी दुपारी यावं. भिंग स्वतःचं आणावं.