काशीरामकाकांचे सगळे वॉशर

रविवारी सकाळी दाढी करतानाच नितेश परबने पार्किंग जिंकून टाकलं होतं. फक्त खाली जाऊन खेळायचं तेवढं बाकी होतं.

"श्वेता, गाडीवरची ती गादी फेकून दे," तो आरशातूनच म्हणाला. "आजपासून तिची गरज नाही."

"आधी जिंक, मग फेकू."

"अगं, जिंकलोच म्हणून समज!"

गादीची गोष्ट अशी. आठ वर्षं पैसे साठवून दोघांनी एक पांढरी गाडी घेतली होती. सेकंडहँड होती, पण त्यांची पहिलीच. बोरीवलीतल्या त्यांच्या सोसायटीत तिला जागा मिळाली ती नेमकी नारळाच्या झाडाखाली. पहिल्याच आठवड्यात टपावर वाटीएवढा खड्डा पडला. श्वेता त्या दिवशी खरोखर रडली होती. तेव्हापासून गाडीच्या टपावर एक जुनी कापसाची गादी दोरीने बांधलेली असे, आणि येणारे-जाणारे विचारत, "काय, घर बदलताय?"

अशात स्टिल्टमधली, म्हणजे डोक्यावर चांगली सात मजली इमारत असलेली, एक जागा वर्षभरासाठी रिकामी झाली. मागच्या खेपेला चिठ्ठ्या टाकल्या होत्या, तेव्हा एक चिठ्ठी जरा वेगळी दुमडलेली निघाली आणि दोन घरांनी वर्षभर एकमेकांचा गणपती पाहिला नाही. म्हणून या वेळी सेक्रेटरी सौरभने पोकरची टूर्नामेंट जाहीर केली. पैसे नाहीत, काही नाही. चिप्स म्हणून त्याने साकीनाक्याच्या आपल्या वर्कशॉपमधून दोनशे लोखंडी वॉशर आणले. ज्याच्याकडे सगळे वॉशर, त्याला पार्किंग!

नितेशला तर आकाश ठेंगणं झालं. गेलं वर्षभर तो मोबाइलवर हाच खेळ खेळत होता आणि वर्षभर हरत होता. दर वेळी समोर कोणीतरी असा भेटायचा, की जो पानंही न बघता सगळ्या चिप्स पुढे ढकलायचा. ऑल-इन! पुन्हा ऑल-इन! शेवटी चिडून नितेशने या जमातीचा अभ्यासच केला. पंधरा दिवस व्हिडिओ पाहिले, वही भरली. वहीचं सार एकच होतं: घाई नको. तो ढकलू दे, आपण पानं टाकून द्यायची. झकास पानं आली की मगच अंगावर घ्यायचं.

पूर्ण तयारीचा माणूस म्हणून त्याने मीटिंगमध्ये एक नियमही घालून घेतला होता. याच जागेवर डोळा असलेल्या हसमुखभाईंची दोन भावंडं सोसायटीतच राहायची, तीही भावासाठी खेळायला उतरली असती तर? म्हणून नियम चार: जागा जिंकणाऱ्यालाच मिळेल, ती दुसऱ्याला देता येणार नाही, मग रिकामी राहिली तरी चालेल. सौरभने तो लाल शाईने लिहून घेतला.

अकरा वाजता कंपाऊंडमध्ये टेबल मांडलं. खेळायला चौघे बसले. नितेश, दाताची डॉक्टर गंधाली आणि हसमुखभाई या तिघांच्या गाड्या उघड्यावर. चौथे बी विंगचे काशीरामकाका. त्यांच्याकडे गाडी सोडा, सायकलही नव्हती.

"काकांना पार्किंग कशाला?" गंधालीने हळूच विचारलं.

"फ्लॅटमागे एकाला हक्क आहे," सौरभ पानं पिसत म्हणाला.

प्रत्येकाला पन्नास वॉशर मिळाले. दोन दोन पानं वाटली गेली. काकांनी आपल्या पानांकडे बघितलंसुद्धा नाही. दोन्ही हातांनी वॉशरचा ढीग पुढे सरकवला आणि म्हणाले, "सगळे!"

टेबल गार पडलं. नितेशच्या अंगावर मात्र आनंदाने काटा आला. हाच तो! वर्षभर मोबाइलमध्ये लपलेला माणूस सदरा-लेंगा घालून समोर बसला होता.

"कोणी नादी लागू नका!" तो कुजबुजला. "हे लोक डेंजर असतात. पानं टाका."

"पण माझ्याकडे दोन गुलाम आहेत रे," गंधाली म्हणाली.

"दोन गुलामांनी काय होतंय? थांब जरा!"

तिने नाइलाजाने पानं टाकली. काकांनी मोठा सुस्कारा सोडला. नितेशने तो गुरगुराट समजून वहीत टिपून घेतला.

दुसरा डाव. "सगळे!" तिघांनी पानं टाकली. तिसरा डाव. "सगळे!" पुन्हा तेच. पण या खेळात गप्प बसणंही फुकट नसतं. दर डावाला आळीपाळीने दोघांनी सक्तीचे वॉशर टाकायचे, आणि ही सक्ती दर पंधरा मिनिटांनी दुप्पट व्हायची. म्हणजे तिघे शहाणे गप्प बसून भरत होते आणि काका न बघता गोळा करत होते!

"नितेशभाई, एना पासे तो गाडी पण नाय," हसमुखभाई घाम पुसत म्हणाले. "मग एवढा जोर कशाचा?"

"तेच तर भयंकर आहे! ज्याला काहीच नको, त्याला भीती कसली? थांबा तुम्ही. धीर धरा."

तेवढ्यात बी विंगच्या पहिल्या मजल्यावरून तळलेल्या बांगड्यांचा वास खाली उतरला. खिडकीत काकांच्या पत्नी सुंदराबाई झारा घेऊन उभ्या होत्या. काका जरासे खुर्चीतून उठले.

"बसा गप!" वरून आवाज आला. "आपलो हक्क आसा तो!"

काका बसले. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "सगळे!"

"बघितलंस?" नितेशने गंधालीला कोपर मारलं. "नवराबायको मिळून आलेत. ती वरून खुणा करते!"

एक वाजेपर्यंत गंधाली आणि हसमुखभाईंकडे चार-चार वॉशर उरले. भुकेने कावून दोघांनी एकाच डावात ते टाकले आणि दोघेही एकदमच बाहेर पडले. राहिले दोघे. उशीर झाला म्हणून सौरभने जाहीर केलं, की आता दोघांनीही सगळे लावले तर तोच डाव शेवटचा. काकांसमोर वॉशरचा डोंगर, नितेशसमोर सव्वीस.

आणि मग आली ती पानं. इस्पिक एक्का, बदाम एक्का! नितेशने ती तीनदा पाहिली. चहा घेऊन आलेल्या श्वेतालाही दाखवली. पंधरा दिवसांची वही, वर्षभराचा अपमान, टपावरचा खड्डा, सगळ्याची आता भरपाई होणार होती.

"सगळे!" काका म्हणाले.

"मी पण सगळे!" नितेश खुर्चीवरून उठला.

काकांचा चेहरा असा फुलला, की जणू चाकरमान्याला रजा मिळाली. "इलो मा एकदाचो!" म्हणत त्यांनी टेबलाखाली पायानेच चप्पल शोधायला घेतली.

"नाटकं आहेत," नितेशने श्वेताला सांगितलं. "शंभरात ऐंशीहून जास्त वेळा मीच जिंकतो. ती गादी टाकलीस ना?"

"तू म्हणालास म्हणून सकाळीच टाकली रे."

काकांची पानं उलटली. सत्ती आणि दुर्री! यापेक्षा भिकार पानं पोकरमध्ये नसतात. सौरभ दोघांच्याही कामी येणारी मधली पाच पानं उघडू लागला. राजा. सत्ती. चौकी. नितेश हसत होता. नव्वी. श्वेताने हात जोडले. शेवटचं पान... सत्ती!

तीन सत्त्या. दोन एक्के मेले.

पहिला आवाज काकांचा आला. "अरे मेल्यांनो!" त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "माका खय गाडी आसा? ही म्हणता, हरलात तरी चलात, पण मदीच उठान इलात तर जेवूक गावाचा नाय. म्हणान दोन तास हरूक बघतंय! दर डावाक सगळे पुढे ढकललंय, पण एक मेलो पुढे येयत तर शप्पथ!"

गंधालीने नितेशकडे पाहिलं. हसमुखभाईंनीही पाहिलं. त्याने वही हळूच पाठीमागे लपवली.

"ही जागा तूच घे रे बाबा," काका म्हणाले. "माका काय करूची ती?"

नितेशचे डोळे चमकले. सौरभने खाकरून फाइल उघडली.

"नियम चार," तो म्हणाला. "सूचक, नितेश परब."

संध्याकाळी नितेश गादी परत आणायला कचराकुंडीकडे गेला, तर गादी गायब! शोधत शोधत स्टिल्टपाशी आला. जिंकलेल्या जागेच्या बरोब्बर मधोमध ती अंथरलेली होती. चांगली कापसाची गादी फुकट जाते म्हणून सुंदराबाईंनी दुपारीच उचलली होती आणि पोटभर बांगडे खाल्लेले काका तिच्यावर निवांत पसरले होते. पलीकडे माडाखाली उघड्या टपाची गाडी उभी होती.

"ये रे नितेशा, बस," काकांनी सरकून जागा दिली. नितेश बसला. सावली खरंच छान होती.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला, धप्प! वर खिडकीतून श्वेता ओरडली, "नितेऽऽश!" त्याने मान वळवायचं धाडस केलं नाही.

काकांनी उशाखालून पत्त्यांचा जोड काढला आणि खूप जिव्हाळ्याने म्हणाले, "माका एक शिकव रे. पुढच्या वर्षाक हरूचा कसा ता. तुका बरा जमता."