बेडकीची आडवी शर्यत

समोरच्याला काय दिसतंय, हे मला त्याला न विचारताच कळतं! वीस वर्षं चष्मे विकतोय, गंमत आहे का? म्हणून आत्याला बेडकीची शर्यत दाखवायचं काम मी छातीठोकपणे अंगावर घेतलं.

बेडकी म्हणजे आत्याची नात. आत्याने तीस वर्षं पोरांना पोहायला शिकवलं, त्यातली ही शेवटची शिष्या. नेमकी अंतिम शर्यतीच्या आदल्या दिवशी आत्या जिन्यावरून घसरली. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला डाव्या कुशीवर झोपवून ठेवलं. शुद्धीवर येताच तिने दम भरला, "निकाल कुणी सांगायचा नाही! मी माझ्या डोळ्यांनी बघणार!"

फोनवर तिला सगळं मुंगीएवढं दिसायचं. म्हणून मी काढलेला व्हिडिओ पेनड्राइव्हवर घालून तिच्या खोलीतल्या जुन्या टीव्हीला लावला. टीव्ही म्हणाला, ही फाइल चालणार नाही.

"एवढंच ना!" मी फाइलच्या नावातलं शेवटचं एमओव्ही खोडून एमपी४ लिहिलं.

"बरणीवरची चिठ्ठी बदलून आतलं काय बदलणार?" बायको म्हणाली. टीव्हीचंही तेच मत पडलं!

मग फाइल बदलून देणारा प्रोग्राम उतरवला. त्यात पन्नास प्रकार! मी सगळ्यात भारदस्त नावाचा निवडला. दोन तासांनी टीव्हीतून आवाज आला. नुसता आवाज, पडदा काळाठिक्कर! मी बंद करायला धावलो, तर आत्या डोळे मिटून म्हणाली, "थांब! चौथ्या लेनमध्ये आहे ना ती? पाय ऐक तिचे. उजवा अजून जरा उशिराच मारते."

मी थक्क! बेडकी खरंच चौथ्या लेनमध्ये होती. एवढ्या आरडाओरड्यात या बाईला पाय ऐकू आले! तेवढ्यात निवेदक म्हणाला, "आणि पहिला क्रमांक..." मी जिवाच्या आकांताने खोकलो, बायकोने पाण्याचा जग पाडला. निकाल थोडक्यात वाचला.

शेवटी टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, चित्र एच२६४ प्रकारचं, आवाज एएसी प्रकारचा आणि दोन्ही एमपी४च्या डब्यात. जुन्या टीव्हीला एवढंच पचतं."

तसं केलं, आणि दिसलं! नखाएवढ्या काडीतून अख्खा तलाव बाहेर आला! मी हात जोडणार, तोच ध्यानात आलं, चित्र आडवं आहे. छत डावीकडे, पाणी उजवीकडे भिंतीसारखं उभं, आणि पोरी पालींसारख्या सरसर वर चढताहेत! आम्ही दोघांनी माना डावीकडे टाकल्या आणि तशीच शर्यत बघत राहिलो. शेवटच्या टप्प्यात माझी मान लचकली. आत्याकडे बघितलं, तर तिच्या डोळ्यांत पाणी! शरमेने मी पेनड्राइव्हच उपटला.

"उद्या सरळ करून आणतो, आत्या!" तिने तोंड उघडायच्या आत मी पसार झालो.

दुरुस्तीवाल्याने उलगडा केला. फोन उभा धरला की फाइलच्या पोटात 'मला उभं दाखवा' अशी खूण राहते. बदलाबदलीत ती गळाली होती. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी चित्रच फिरवलं आणि ऐटीत लावलं.

"हे काय?" आत्या कडाडली. "आडवं आणलंस? तेही पट्टीएवढं? काल कसं सरळ, पडदाभर दिसत होतं! आणि पाच मीटर राहिले असताना बंद कशाला केलंस? कालपासून जीव टांगणीला लागलाय माझा!"

मी तिच्या पलंगाशेजारी जमिनीवर डाव्या कुशीवर आडवा झालो. कालचं चित्र इथून सरळच दिसलं असणार!

कालची फाइल पुन्हा लावली. तिघेही आडवे! बेडकी तिसरी आली. मला वाटलं, आत्या खचणार.

"तिसरी! पण वळताना भिंतीवरून काय सुटली पोरगी, बघितलंस? हे मी नाही शिकवलं. हे तिचं तिने शोधलं!"

तलावाकाठी उभा राहून मी शर्यत पाहिली होती, पण ते सुटणं मला आत्ता दिसलं.

आत्याने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. "काय रे, दुकानात गिऱ्हाइकाला विचारतोस ना, नीट दिसतंय का म्हणून? मग मलाच कसं नाही विचारलंस?"

लचकलेल्या मानेने मला नीट खालीही बघता येईना!