लाल डब्यावर काय लिहिलंय

"वीसच शब्द ना? चार दिवसांत शिकवतो," असं म्हणून पेंटरांनी शाळेची चिठ्ठी सुनेच्या हातातून काढूनच घेतली. "अगं, अर्ध्या गावाच्या पाट्या माझ्या हातच्या आहेत. चाळीस वर्षांत एका पाटीवर चूक दाखव, ब्रश खाऊन दाखवतो."

ब्रश खायची पैज सून लग्न झाल्यापासून ऐकत होती.

चिठ्ठीत पहिलीच्या बाईंनी मी, तू, आहे, नाही, आणि, पण असले वीस शब्द दिले होते. पुस्तकात पावलोपावली येणारे, म्हणून मुलांनी ते अक्षरं जुळवत न बसता बघताक्षणी ओळखायचे. पेंटरांच्या नातीला सुटी अक्षरं येत होती, पण त्यातला एकही शब्द ओळखू येत नव्हता. महिनाअखेरपर्यंत आले नाहीत तर तिला दुपारच्या क्लासला घालायचं, हे सुनेनं ठरवून टाकलं होतं.

आता दुपार गेली तर पेंटरांकडे उरत काय होतं? बायको जाऊन आठ महिने झाले होते. मुलगा-सून सकाळीच कामावर जायचे. मग घर जे गप्प व्हायचं ते दीड वाजता नात दप्तर आपटायची तेव्हा बोलायला लागायचं. तोपर्यंत पेंटर घड्याळाकडे बघत बसायचे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हते.

तर पेंटर कामाला लागले. वीस पुठ्ठे कापले आणि वीस रंग काढले. 'आहे' लाल, 'आणि' पिवळा, 'नाही' जांभळा, वर प्रत्येक अक्षराला सावली. असे देखणे शब्द त्या शाळेनं बापजन्मात पाहिले नसतील. चौथ्या दिवशी पुठ्ठा वर करायचा अवकाश, पोरगी शब्द सांगून मोकळी. पेंटरांनी शेजारच्या शिंप्याला मुद्दाम बोलावून तिची परीक्षा घ्यायला लावली. शिंप्यानंही मान डोलावली, कारण त्याची पाटी अजून रंगवायची राहिली होती.

पाचव्या दिवशी शाळेत बाईंनी तेच शब्द फळ्यावर पांढऱ्या खडूनं लिहिले. पोरीच्या तोंडून अवाक्षर निघेना. शेवटी म्हणाली, "बाई, हे सगळे एकाच रंगाचे आहेत."

निकाल ऐकायला पेंटर त्या दिवशी स्वतः तिला आणायला गेले होते. घरी येताना ती वाटेतल्या टपालपेटीला 'आहे' म्हणाली आणि पिवळ्या बसला 'आणि'. पेंटरांना वाटलं, रस्ता फाटावा आणि आपण आत जावं.

"बाबा, शुक्रवारपर्यंत बघू," सून म्हणाली. ती काही वाईट नव्हती, पण तिलाही बाईंचं बोलणं ऐकून घ्यावं लागलं होतं. "नाहीतर सोमवारपासून क्लास."

पेंटरांनी रंगीत पुठ्ठे माळ्यावर टाकले आणि नवे वीस काळ्या शाईनं लिहिले. सावली नाही, वेलबुट्टी नाही. हात शिवशिवत होता, पण आवरला. नातीला म्हणाले, "रंग म्हणजे नुसता कपडा गं. मी कपडे बदलले तर तुझा आजोबा राहत नाही का? अक्षराचं अंग बघायचं, कपडा नाही." पोरगी जीव लावून शिकली. शुक्रवारपर्यंत ती साबणाच्या कागदापासून जिन्याखालच्या मीटरपर्यंत दिसेल ते वाचायला लागली.

शुक्रवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात परीक्षा झाली. पोरीनं वीसच्या वीस शब्द वाचले. पेंटर मिशीवरून हात फिरवणार, एवढ्यात सुनेला शंका आली.

"हे पाठ केलं असेल. वेगळं काहीतरी वाचू दे." ती गॅसकडे तोंड करून भाजी परतत होती. "फळीवरच्या लाल डब्यावर काय लिहिलंय?"

"हा 'मी'," पोरगी म्हणाली. "पुढे ठ. मीठ."

"आणि निळ्यावर?"

"सा, ख, र. साखर."

सुनेनं वळूनही बघितलं नाही. "झालं. बाबा, लाल डबा साखरेचा आहे. सासूबाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, लाल साखरेचा, निळा मिठाचा. ही अंदाजानं ठोकून देते. सोमवारपासून क्लास."

पेंटर चष्मा लावून फळीपाशी गेले. डबे त्यांनीच रंगवले होते. लाल डब्यावर स्वच्छ लिहिलं होतं, मीठ. झाकण उघडलं. आत साखर.

मग त्यांना ती जुनी सकाळ आठवली. आधी लाल डबा साखरेचाच होता. दुसऱ्यांदा रंगवताना त्यांनी हौसेनं रंगांची अदलाबदल केली, डबे स्वतः भरून फळीवर लावले, आणि सकाळी चहा खारट आला. बायको रागावली असं समजून पेंटरांनी एकापाठोपाठ तीन गुन्ह्यांची माफी मागितली. त्यातले दोन तिला ठाऊकही नव्हते. तिनं तिन्ही माफ केले. संध्याकाळी चहा गोड झाला, आणि माफीचा हा गुण पेंटर पुढे कित्येक वर्षं मित्रांना सांगत राहिले.

माफीनं काही झालं नव्हतं. तिनं गुपचूप आतला माल बदलला होता.

मुलाचं प्रगतिपुस्तक आलं की ती म्हणायची, "तुम्हीच वाचा, माझा चष्मा सापडत नाही." तिला चष्मा कधी केलाच नव्हता. पेंटरांनी झाकण परत लावलं. सगळ्या गावाला अक्षरं दाखवत हिंडलो आणि घरातल्या माणसाला वीस शब्द शिकवले नाहीत. तिला येत नाहीत हेही दिसलं नाही.

खरं सांगावं, तर सून रात्री नवऱ्याला सांगणार, तो बहिणीला, आणि जे बायकोनं जन्मभर झाकलं ते रविवारपर्यंत सगळ्या नात्यात पसरणार. गप्प बसावं, तर पोरीवर अन्याय, आणि दुपारही गेली.

"पोरगी बरोबर वाचतेय," पेंटर म्हणाले. "मीच उलटं लिहिलंय."

सून वळली. तिनं डबे पाहिले, एकदा सासऱ्यांकडे पाहिलं, आणि ओट्याला धरून हसत सुटली. "बाबा, इतकी वर्षं? ब्रश आणू का? तळून देऊ की कच्चाच खाता?"

"कच्चाच चालेल," पेंटर म्हणाले.

क्लास रद्द झाला. सोमवारी दीड वाजता दप्तर आपटलं. नात ओट्याशी उभी राहून पुन्हा पुन्हा डबे वाचत होती. स्वतः पकडलेली चूक तिला फार आवडली होती.

"आजोबा, चुकलंय हे आजीनं सांगितलं नाही तुम्हाला?"

"नाही."

"मग काय म्हणाली ती?"

पेंटर लाल डबा फडक्यानं पुसत होते. डबा तसा स्वच्छच होता.

"रंग छान आलाय म्हणाली."