दाजींच्या कमरेसाठी घेतलेलं मशीन

वस्तू निवडावी तर मी! हे मी माझ्या तोंडाने सांगतोय असं समजू नका. आमच्या अख्ख्या घराण्याचं तसं मत आहे, निदान परवापर्यंत होतं. मावशीचं वॉशिंग मशीन, काकांचा चष्मा, शेजाऱ्यांचा लोखंडी दरवाजा, सगळं माझ्या पसंतीचं. मी दुकानात शिरलो की दुकानदार आधी स्वतः पाणी पितात. त्यामुळे गोदामासाठी पॅलेट उचलणारं मशीन निवडायचं काम मालकांनी माझ्यावर सोपवलं, तेव्हा मला नवल वाटलं नाही. इतका उशीर का केला, याचं तेवढं वाटलं.

मी गोदामाचा मॅनेजर. फरशी चिकटवायच्या पावडरीची पोती आमच्याकडे येतात आणि जातात. लाकडी फळ्यांचा एक बुटका पाट असतो, त्याला पॅलेट म्हणतात. त्यावर पोती रचायची आणि पाटासकट उचलायची, अशी सगळीकडची रीत. आमची जुनी फोर्कलिफ्ट होती तोवर आम्हीही तसंच करत होतो. मग तिने मान टाकली, ती भंगारात गेली, आणि एकेक पोतं माणसांच्या पाठीवरून हलू लागलं. त्यातली एक पाठ माझ्या दाजींची.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घरी मला अरे-तुरे करतात आणि गोदामात साहेब म्हणतात, तेही इतक्या मनापासून की मलाच चोरट्यासारखं होतं. त्यांच्या मणक्यातली चकती सरकली होती आणि नस दबली होती. डाव्या पायातली चप्पल रस्त्यात निसटली तरी त्यांना घरी येईपर्यंत पत्ता नसे. यापुढे ओझं उचललंत तर पाय जातील, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं. नोकरी सोडावी तर घर त्यांच्याच पगारावर चाललेलं. मी त्यांना देखरेखीला बसवलं होतं खरं, पण बसलेला माणूस मालकांच्या डोळ्यांवर येतोच. मशीन आलं की ते दाजींनी चालवायचं, नुसतं हँडल धरून उभं राहायचं, असा माझा बेत होता.

ताईने मला स्वयंपाकघरात ओट्याशी गाठलं. म्हणाली, "तू काय वाट्टेल ते घे. पण ह्यांना वाकायला लावू नकोस."

"ताई, त्यांची कंबर आजपासून माझ्या ताब्यात," मी म्हणालो. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

मी कामाला लागलो. दाराची उंची मोजली, दोन रांगांमधली वाट मोजली, शिडीवर चढून दिव्यांची उंचीसुद्धा मोजली. मशीनला वळायला जागा पुरेल का हे बघायला आमच्या पैलवानाला हात पसरून गोल फिरवलं. पैलवान म्हणजे आमच्या दोन हमालांतला एक; पंखा लावला तर सरकेल अशी त्याची तब्येत. मग शोरूममध्ये जाऊन मी दिसेल त्या मशीनच्या चाकाला लाथ मारून पाहिली. मन बसलं ते विजेवर चालणाऱ्या एका स्टॅकरवर. समोर दोन लोखंडी दात आणि दातांच्या बरोबर खाली चाकं लावलेले दोन पाय. पॅलेटखाली शिरायचं, बटण दाबायचं, की दात माल घेऊन वर. विक्रेत्याने भरलेलं पॅलेट झोपलेलं मूल उचलावं तसं उचलून दाखवलं. मग त्याने सहज विचारलं, "तुमची पॅलेट खालून मोकळी आहेत ना?"

"खाली जमीन असते," मी म्हणालो.

तो हसला, मी हसलो, व्यवहार झाला.

मशीन आलं. मालक दुसऱ्या दिवशी दुपारी बघायला येणार होते, म्हणून मी आदल्या दिवशीच रंगीत तालीम ठेवली. दाजींनी हात शर्टाला पुसले आणि मगच हँडल धरलं. इतकं खूश मी त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. मशीन गुरगुरत पॅलेटपाशी गेलं आणि खट्कन थांबलं.

आता ऐका. आमच्या गोदामाची जमीन खड्ड्यांची. पॅलेट एकावर एक नीट बसावीत म्हणून आमच्याकडे त्यांना खालूनही फळ्या ठोकायची जुनी पद्धत. फोर्कलिफ्टला नुसतेच दात, त्यामुळे ती वरच्या आणि खालच्या फळ्यांच्या मधून आत शिरायची. या मशीनला दातांखाली पाय, आणि पायांच्या वाटेत आमची फळी! ती फळी मी वर्षानुवर्षं रोज बघत होतो. मोजली तेवढी नव्हती.

मी दाजींना बाजूला केलं आणि स्वतः जोर लावला. पॅलेट उचललं गेलं नाही, मागे मात्र सरकू लागलं. सरकत सरकत मागच्या रांगेला धडकलं. वरची पोती क्षणभर विचारात पडली आणि मग आमच्याकडे आली. धुरळा खाली बसला तेव्हा आम्ही सगळे पीठगिरणीतून आल्यासारखे दिसत होतो. पैलवानाच्या डोळ्यांत पावडर गेली, दुसरा हमाल त्याला धरून दवाखान्यात घेऊन गेला, आणि तिथून दोघांनीही उद्या येत नसल्याचा निरोप पाठवला.

मी विक्रेत्याला फोन लावला. वापरलेलं मशीन परत घेत नाही, असं त्याने फार गोड आवाजात सांगितलं. खालच्या फळ्या काढून टाका, की झालं! पण फळ्या काढायच्या तर पॅलेट उलटं करायला हवं, आणि उलटं करायचं तर आधी रिकामं करायला हवं. म्हणजे पोती हातानेच उतरवायची आणि हातानेच परत रचायची. पोती उचलायला लागू नयेत म्हणून आणलेल्या मशीनसाठी अख्खं गोदाम उचलायचं होतं.

निदान दारासमोरची रांग तरी मालक येण्याआधी तयार करू, असं मी ठरवलं. सकाळी गोदामात मी आणि दाजी दोघेच. दाजींना खुर्चीवर बसवून मी शर्टाच्या बाह्या सरसावल्या. आयुष्यात मी निवडलं पुष्कळ, उचललं काहीच नव्हतं. थोड्याच वेळात माझे हात खांद्यापासून नुसते लोंबू लागले, आणि घड्याळ तर पळत होतं. मग माझ्या तोंडून ते गेलं.

"दाजी, जरा हात लावता का? वरवरचीच आहेत."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. ते नाही म्हणाले असते तर मी ऐकलं असतं, असं मी स्वतःला अजून सांगतो.

"हो साहेब," ते म्हणाले आणि वाकले.

एक पॅलेट रिकामं झालं. मी ते उलटं करून खालच्या फळ्या उपटल्या आणि परत सरळ केलं. वा, काय मोकळं दिसत होतं! कौतुकाने मागे वळलो तर दाजी एका पोत्याशेजारी आडवे. ओरडले नव्हते, काही नाही. "उठतो हां, एक मिनिट," असं म्हणत होते आणि उठत नव्हते. मी अँब्युलन्सला फोन केला आणि मग ताईला. काय झालं ते ताईला सांगायचा मला धीर झाला नाही, नुसतं ये म्हणालो.

अँब्युलन्सचा ड्रायव्हर एकटाच आला. अलगद सरकवत त्याने दाजींना स्ट्रेचरवर घेतलं, पण जराही न वाकवता गाडीपर्यंत न्यायचं तर चार माणसं हवीत म्हणाला. तिथे मी होतो, आणि माझे हात तर छातीच्या वर जात नव्हते. त्याची नजर फिरत फिरत मशीनवर गेली. हे चालतं का, त्याने विचारलं. चालत होतं, खालून मोकळ्या पॅलेटला. आणि तसं पॅलेट अख्ख्या गोदामात एकच होतं.

आम्ही स्ट्रेचर त्यावर सरकवलं. मी बटण दाबलं. एकही धक्का न बसता दाजी जमिनीपासून वर आले. मी खड्डे चुकवत पावलापावलाने मशीन दाराकडे नेऊ लागलो. दाजी छताकडे बघत होते.

"माझे पाय सरळ आहेत का रे?" त्यांनी हळूच विचारलं. "मला कळत नाहीये."

गोदामात त्यांनी मला पहिल्यांदाच अरे म्हटलं होतं. सरळ आहेत, असं मी कसंबसं म्हणालो.

दारात ताई उभी होती. तिने दाजींकडे पाहिलं, मग खाली मशीनकडे, मग माझ्याकडे.

"हेच का ते?" तिने विचारलं.

मी मान हलवली. स्ट्रेचर मशीनवरून गाडीत सरकलं तशी ती दाजींचा हात धरून गाडीत चढली. त्यापेक्षा तिने मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गाडी गेली. मागे वळलो तर मालक उभे. ठरल्या वेळेच्या आधीच आले होते आणि त्यांनी दाजींना मशीनवरून नेताना पाहिलं होतं. दाजींना बरं वाटू दे म्हणाले. मग मशीनभोवती एक चक्कर मारून त्यांनी माझ्या खांद्यावर थाप दिली.

"पूर्ण वाढलेला माणूस, पण जराही हिंदकळला नाही. निवड उत्तम आहे तुमची."

मी मान खाली घातली. मालकांना तो माझा विनय वाटला.